फळमाश्यांवर उत्क्रांतीचा प्रयोग: पहिल्या दहा पिढ्या

आंबा बागायतदार जिच्या नावाने बोटं मोडतो ती ही फळमाशी नव्हे. ही तिच्याहून बरीच लहान, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, जास्त पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी. घरात तिला चिलट म्हणतात, प्रयोगशाळेत ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. 25 अंश सेल्सियसला अंड्यापासून माशी व्हायला नऊ-दहा दिवस पुरतात, आणि दोन हजार माश्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मावतात. आनुवंशिकीचे संशोधक थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तेव्हापासून ही माशी आनुवंशिकीची झाली. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडवून पाहण्यासाठीही तिच्याइतकी सोयीची दुसरी जात क्वचितच मिळेल. 1984 मध्ये मायकल रोझ यांनी, आणि स्वतंत्रपणे लकिनबिल व सहकाऱ्यांनी, पिढ्यानपिढ्या फक्त वयस्क माश्यांची अंडी पुढे नेली आणि माश्यांचं आयुष्य वाढवून दाखवलं.

आयुर्मानाचा प्रयोग नवख्याच्या वेळेत बसत नाही. म्हणून इथे उपासमार सोसण्याची निवड घेतली आहे. माश्यांना पाणी द्यायचं, अन्न नाही. जगतील त्यांची अंडी पुढच्या पिढीला. एक पिढी 21 दिवसांची, म्हणजे दहा पिढ्यांना 210 दिवस, आणि शेवटच्या मोजणीला आणखी दोन महिने. एम.एस्सी.च्या प्रबंधाला चारच महिने हाताशी असतील तर हा प्रयोग सुरू करू नका. एखाद्या प्रयोगशाळेत आधीच निवड झालेले समूह असतील तर त्यांचीच मोजणी करा. तेही पूर्ण संशोधनच आहे.

एक गोष्ट आधीच मनावर कोरून ठेवा. तुम्ही उपासमार हे निवडीचं एकच ठिकाण ठरवता, पण माशी ते जाणत नाही. कोणती अंडी उचलली, कोणत्या दिवशी माश्या पेटीत सोडल्या, कोणत्या कुपीच्या तळाशी राहून गेल्या, या प्रत्येक ठिकाणी निवड होतच असते. या प्रयोगातली जवळजवळ सगळी मेहनत या नकळत होणाऱ्या निवडी बंद करण्यासाठी असते.

समूह कुठून आणायचा

सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते. कॅन्टन-एस किंवा ओरेगॉन-आर हे प्रसिद्ध वाण सहज मिळतात म्हणून विद्यार्थी तेच मागवतात. हे वाण वर्षानुवर्षं लहान संख्येत वाढवलेले असतात, त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार कमी उरलेली असते. विविधता नसेल तर निवडायला काहीच नाही. दहा पिढ्यांनंतर आलेख सपाट येतो आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. मोठ्या संख्येने सांभाळलेला, मिश्र मूळ समूह मागा. आयसर पुणे, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र अशा ठिकाणी फळमाशीवर प्रायोगिक उत्क्रांतीचं काम होतं. मार्गदर्शकांमार्फत पत्र लिहिलं की समूह कसा सांभाळतात याची माहितीही सोबत मागा, कारण माश्यांइतकीच तीही लागते.

स्वतः पकडायच्या असतील तर फळबाजारात बाटलीत पिकलं केळं आणि चिमूटभर यीस्ट ठेवा. जे येईल ते सगळं मेलॅनोगॅस्टर नसतं. डोक्यापासून छातीपर्यंत पांढऱ्या उभ्या रेघा असतील तर ती झॅप्रिओनस इंडियानस; गुप्ता यांनी 1970 मध्ये वर्णन केलेली ही माशी आपल्याकडे भरपूर आहे. माद्यांवरून जात ओळखणं अवघड, म्हणून प्रत्येक मादी वेगळ्या कुपीत ठेवा आणि तिचे मुलगे तपासा. मेलॅनोगॅस्टरच्या नराचं पोट टोकाला चकचकीत काळं असतं, आणि पुढच्या पायांवर काळ्या केसांचा बारीक कंगवा दिसतो. निदान शंभर माद्यांची संतती एकत्र करा. मग दहा-बारा पिढ्या नुसतं सांभाळा; नाहीतर माश्या प्रयोगशाळेशी जुळवून घेत असताना होणारे बदल तुमच्या निवडीच्या खात्यावर जमा होतील.

खाद्य

भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळा केळं-गुळाचं खाद्य वापरतात. एक लिटर पाण्याच्या हिशोबाने:

केळी, साल काढून: 205 ग्रॅम
सातूचं, म्हणजे बार्लीचं पीठ: 25 ग्रॅम
गूळ: 35 ग्रॅम
यीस्ट: 36 ग्रॅम
अगार (खाद्य घट्ट करणारी पूड): 12.4 ग्रॅम
निपाजिन (बुरशी रोखणारी पूड): 2.4 ग्रॅम, 45 मिली इथेनॉलमध्ये विरघळवून

केळी, पीठ, गूळ आणि यीस्ट थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढा. उरलेल्या पाण्यात अगार उकळून पूर्ण विरघळवा, मग त्यात हे मिश्रण ओतून ढवळत शिजवा. बुडाला लागलं तर भांडं बदला, खरवडून घेऊ नका. गॅस बंद केल्यावर मिश्रण साठ-पासष्ट अंशांपर्यंत निवू द्या, मगच निपाजिन घाला. उकळत्या खाद्यात घातलं तर इथेनॉल उडून जातं (आणि जवळ ज्योत असेल तर पेट घेतं). फार थंड झाल्यावर घातलं तर अगार गोठायला लागलेलं असतं आणि निपाजिन सगळीकडे सारखं मिसळत नाही. एका कुपीत बुरशी येते, शेजारच्या कुपीत अळ्या मरतात. निपाजिन जास्त झालं तरी अळ्यांची वाढ लांबते. म्हणून ते अंदाजाने कधी घालू नका.

प्रत्येक कुपीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वायलमध्ये, 6 मिली खाद्य. ओतलेल्या कुप्या मलमलीखाली रात्रभर उघड्या ठेवा, काचेवरचं दव सुकलं की कापसाचे बोळे लावा. ओल्या काचेला माश्यांचे पंख चिकटतात आणि माशी तिथेच मरते.

गूळ, पीठ आणि यीस्ट सगळ्या प्रयोगाला पुरेल इतकं एकदमच घ्या. दर पोत्यातला गूळ वेगळा असतो. पाचव्या पिढीत गूळ बदलला तर त्या पिढीतला बदल उत्क्रांतीचा की गुळाचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. केळी बदलणारच, तेव्हा एका दिवसाचं खाद्य एकाच पातेल्यातलं ठेवा आणि ते निवडीच्या (उपाशी ठेवायच्या) व तुलनेच्या (उपाशी न ठेवायच्या) समूहांना सारखं वाटा.

खोली

25 अंश, आणि प्रकाशाचं वेळापत्रक कायम एकच. मराठवाडा-विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली की खोली 35 अंशांवर जायला वेळ लागत नाही. तिशीच्या आसपासच मेलॅनोगॅस्टरचे नर वांझ होऊ लागतात. माश्या जिवंत दिसतात, अंडीही घालतात, पण अंडी फुटत नाहीत. कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर लावा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे लिहा.

त्या मजल्यावर डासांची अगरबत्ती, लिक्विड मशीन किंवा झुरळांचा फवारा चालणार नाही, असा फलक दारावर लावा आणि साफसफाईच्या मावशींना स्वतः भेटून सांगा. एका फवाऱ्यात सात महिन्यांचं काम संपतं. मुंग्यांसाठी मांडणीचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा. कुपीच्या आत काचेवर हलणारे पांढरे ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे कोळ्यांच्या वर्गातले अगदी बारीक जीव. ती कुपी बोळ्यासकट बंद पिशवीत घालून लगेच फ्रीझरमध्ये टाका, ब्रश आणि टेबल अल्कोहोलने पुसा, आणि त्या दिवशी इतर कुप्यांना हात लावू नका.

एकवीस दिवसांचं चक्र

मूळ समूहातून चार निवडीचे आणि चार तुलनेचे असे आठ समूह करा आणि त्यांच्या जोड्या लावा: नि-1 बरोबर तु-1, असं चारपर्यंत. एका जोडीचं सगळं काम एकाच दिवशी, एकाच हाताने. दुसरी जोडी दुसऱ्या दिवशी. हे लागोपाठ मांडलं तर एका माणसाला झेपतं.

शून्यावा दिवस अंड्यांचा. पेटीत (25 × 20 × 15 सेंमीची पारदर्शक पेटी पुरते, एका बाजूला मलमलीची बाही) ताज्या खाद्याची ताटली 18 तास ठेवा. खाद्य सुरीने कापून उभ्या कडा करा. सपाट पृष्ठभागापेक्षा माद्या कापलेल्या कडांवर जास्त अंडी घालतात. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, तांदळाच्या कणीसारखं, आणि पुढच्या टोकाला दोन बारीक तंतू. सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू दिसले की अंडं आणि खाद्याचा कण यांत गल्लत होत नाही. अंड्यांसकट खाद्याची पट्टी कापा, मोजा, कुपीत ठेवा. प्रत्येक कुपीत 60 ते 70 अंडी, प्रत्येक समूहाच्या 30 कुप्या. म्हणजे सुमारे 1,900 अंडी आणि साधारण 1,500 माश्या. आठ समूहांच्या 240 कुप्यांना जवळजवळ दीड लिटर खाद्य लागतं, पेट्यांच्या ताटल्या धरून अडीच लिटर करा.

अंडी मोजायचा कंटाळा येतो, आणि प्रयोग इथेच बिघडतो. कुपीत दीड-दोनशे अंडी गेली तर अळ्यांना अन्न पुरत नाही. माश्या लहान होतात, उशिरा बाहेर पडतात, त्यांच्या अंगातली चरबीही बदलते. उपासमार सोसण्याचा सगळा आधार चरबीवर असल्याने तुमचा मुख्य आकडाच हलतो. दहा-पंधराच अंडी गेली तरी पंचाईत: अळ्या खाद्य घुसळत राहतात म्हणून बुरशी दबलेली असते, अळ्या कमी पडल्या की ती वरचढ होते. पट्टी ताटलीच्या एकाच कोपऱ्यातून घेऊ नका. चार-पाच ठिकाणांहून घ्या, नाहीतर मोजक्या माद्यांचीच संतती पुढे जाते.

बाराव्या दिवशी सगळ्या कुप्यांतल्या माश्या पेटीत. बहुतेक माश्या दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत कोशातून बाहेर आलेल्या असतात. पण कुप्या टाकून देण्याआधी प्रत्येक समूहाच्या पाच कुप्यांत न फुटलेले कोष मोजा. उपासमार सोसणाऱ्या माश्यांची वाढ पिढ्यांगणिक मंदावताना दिसते, कारण अळी जास्त वेळ खाऊन चरबी साठवते. पहिल्या पिढीत बारावा दिवस पुरेसा असतो, आठव्या पिढीत नसेल. उशिरा येणाऱ्यांना तुम्ही कचऱ्यात टाकलंत तर एका हाताने उपासमारीची निवड आणि दुसऱ्या हाताने लवकर वाढण्याची निवड करताय, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कुपीत सरासरी दोनाहून जास्त भरलेले कोष उरत असतील तर सगळ्याच आठ समूहांना एक दिवस वाढवून द्या.

चौदाव्या दिवशी निवडीच्या पेट्यांतली खाद्याची ताटली काढून नुसत्या अगारची ठेवा: 100 मिली पाण्यात सव्वा ते दीड ग्रॅम. अगार पाण्यासाठी आहे. ते विसरलं तर माश्या भुकेने नव्हे, तहानेने मरतात, आणि तो वेगळाच प्रयोग होतो. ताटली दर 24 तासांनी बदला आणि मेलेल्या माश्या काढा. विष्ठेवर आणि मृत माश्यांवर जे उगवतं ते जिवंत माश्या चाटतात. तुलनेच्या पेट्यांत त्याच वेळी ताज्या खाद्याची ताटली ठेवा. हात दोन्हीकडे सारखेच लागले पाहिजेत.

साधारण 70 टक्के माश्या मेल्या की थांबायचं. सुरुवातीला याला दोन-अडीच दिवस लागतात, पुढे वेळ वाढत जातो. अगदी हेच तुम्हाला हवं आहे. इथे एक खाच आहे. नर आधी मरतात. 1,500 पैकी 450 उरल्या आणि त्यांत 75 नर, 375 माद्या असतील, तर प्रजननाच्या दृष्टीने परिणामकारक संख्या 4 × 75 × 375 ÷ 450, म्हणजे 250. नर पन्नासाच्या खाली गेले तर जवळच्या नात्यातल्या प्रजननाचे दुष्परिणाम निवडीत मिसळू लागतात. म्हणून दर काही तासांनी पेटीसमोर बसून जिवंत नरांचा अंदाज घ्या, आणि नर कमी पडताहेत असं दिसलं तर 70 टक्क्यांची वाट न पाहता थांबा.

सतराव्या दिवशी वाचलेल्यांना खाद्य. तुलनेच्या पेटीतही माश्या कमी करून 450 वर आणा, पण त्या सरसकट उचला. पटकन उडून वर येणाऱ्या आधी हाती लागतात. तशाच घेतल्या तर चपळपणाची निवड झाली. कार्बन डायऑक्साइडने हलकेच बेशुद्ध करा, पॅडवर मिसळा, डोळ्यांना न विचारता भाग पाडा.

एकोणिसाव्या दिवशी खाद्यावर यीस्टचा लेप: कोरडं यीस्ट पाण्यात कालवून व्हिनेगरचे दोन-तीन थेंब. एकविसाव्या दिवशी पुन्हा अंड्यांची ताटली, आणि तोच शून्यावा दिवस. मधले चार दिवस वाया जात नाहीत. मादी उपासमारीपूर्वीच्या नरांचे शुक्राणूही साठवून असते, पण नंतर मीलन झालेल्या नराचेच बहुतांशी वापरले जातात. हे दिवस कापले तर मेलेल्या नरांची संतती पुढे जाते आणि नरांच्या बाजूने निवड जवळजवळ होतच नाही.

आणि तुलनेच्या समूहाची अंडीही एकविसाव्याच दिवशी घ्यायची. सोय म्हणून ती चौदाव्या दिवशी घेतली तर दोन समूहांत प्रजननाच्या वयाचाही फरक पडतो. रोझ आणि लकिनबिल यांनी नेमकी हीच निवड केली होती. निवडीच्या समूहांना उपासमार लांबल्यामुळे बावीस दिवस लागू लागले तर तुलनेच्या समूहांनाही बावीस.

जुन्या माश्या नवी पिढी पेटीत जाईपर्यंत टाकू नका. जिवाणू गोठवून ठेवता येतात. अमेरिकी संशोधक रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 मध्ये सुरू केलेल्या बारा जिवाणू-समूहांचे पूर्वज आजही फ्रीझरमधून उठवता येतात. माशी गोठली की मेली. तुमचा सगळा साठा जिवंत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी घेतलेल्या अंड्यांच्या दहा राखीव कुप्या प्रत्येक समूहासाठी भरा. डीएनएसाठी मात्र दर पाच पिढ्यांनी शंभर माश्या इथेनॉलमध्ये ठेवाव्यात.

मोजणी

निवड सुरू होण्याआधी एकदा, पाचव्या पिढीला आणि दहाव्या पिढीला मोजायचं. थेट निवडीच्या पेटीतल्या अंड्यांवर मोजणी करू नका. उपाशी राहिलेल्या आईच्या अंड्यांतच कमी-जास्त असतं आणि ते आनुवंशिक बदलासारखं दिसतं. आठही समूहांची एक पिढी उपासमारीविना, सारख्या परिस्थितीत वाढवा आणि तिच्या संततीवर मोजा.

प्रत्येक समूहाच्या दहा कुप्या नरांच्या, दहा माद्यांच्या, प्रत्येकीत दहा माश्या, तळाशी 4-5 मिली अगार. नर-मादी वेगळे करताना वापरलेल्या वायूचा परिणाम ओसरायला 24 तास खाद्यावर ठेवा, मग अगारवर. दर चार तासांनी मृत मोजा, रात्रीसुद्धा. इथे पाळीला एक मित्र लागतो. कुपीला टिचकी मारल्यावर पाय हलले नाहीत तर मृत. कुप्यांवर समूहाचं नाव नव्हे, सरमिसळ केलेले क्रमांक लिहा, आणि यादी मोजणाऱ्याच्या हाती देऊ नका. पाय हलला की नाही हे ठरवताना मनात असलेलं उत्तर डोळ्यांवर परिणाम करतं, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी.

सोबत अंड्यापासून माशीपर्यंतचा काळ आणि कोरडं वजन घ्या. एका माशीचं कोरडं वजन अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतं. दहा-दहा माश्या 60-70 अंशांना दीड दिवस सुकवून एकत्र तोला.

आकडेमोड

1,600 माश्या मोजल्या म्हणून नमुन्याचा आकार 1,600 होत नाही. निवड समूहावर झाली, समूह चार जोड्या. तुमचा आकडा चार. एकाच समूहातल्या माश्या स्वतंत्र पुरावा म्हणून मोजण्याच्या चुकीवर परिस्थितिकीचे संशोधक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये लिहिलं, आणि ती चूक अजूनही दर वर्षी प्रबंधांत भेटते. आधी कुपीची सरासरी, मग समूहाची सरासरी, मग प्रत्येक जोडीतला फरक. त्या चार फरकांवर जोडीची टी-चाचणी, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी संख्याशास्त्रीय चाचणी. पाच टक्के पातळीवर चार जोड्यांना टी 3.18 च्या वर लागतो. दोनच जोड्या केल्या असत्या तर 12.71 लागला असता, आणि पाच केल्या तर 2.78. दोनांवरून चारवर जाण्याचा फायदा प्रचंड, चारांवरून पाचवर जाण्याचा थोडा. म्हणून चार. वेळ किंवा हात कमी असतील तर कुपीतल्या माश्या किंवा मोजणीच्या कुप्या कमी करा, समूह कमी करू नका.

चारही जोड्यांत फरक एकाच दिशेला आहे का, हे चाचणीआधी कागदावर बघा. तीन जोड्या वर आणि एक उलटी असेल तर त्या जोडीची नोंदवही उघडा: वीज गेली होती का, खाद्य बुरशीचं होतं का, नर किती उरले होते. म्हणून नोंदवहीत दर पिढीला दर समूहाची अंडी, बाराव्या दिवशी उरलेले कोष, थांबवताना झालेले तास, उरलेले नर आणि माद्या, तापमानाची दोन टोकं, खाद्याच्या पातेल्याची तारीख, आणि त्या दिवशी काम कुणी केलं, एवढं असलंच पाहिजे. चूक झाली तर खोडू नका, शेजारी लिहा.

प्रयोग संपल्यावर समूह सोडून देऊ नका. नको असलेल्या कुप्या उणे 20 अंशांना रात्रभर ठेवून मग टाका. उरलेले आठ समूह पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती देताना एक पूर्ण चक्र, अंड्यांपासून अंड्यांपर्यंत, त्याला शेजारी उभं करून त्याच्याच हातून करून घ्या. पट्टी कुठून कापायची आणि मेलेला नर कसा दिसतो, हे कागदावर कितीही लिहिलं तरी पहिल्या वेळी चुकतंच.